ज्यांना भीती वाटते, त्यांना आधी बोलवा

गावच्या सुरक्षेची बैठक असली की आधी पुढची रांग पाहावी. विषयपत्रिका नंतर वाचली तरी चालते. पुढच्या रांगेत बहुतेक वेळा ते लोक असतात, ज्यांच्या खिशात बाजारात कुणी हात घालत नाही, ज्यांच्या लेकी गाडीतून शाळेत जातात आणि ज्यांचा फोन ठाण्यात लगेच घेतला जातो. पाल टाकून भाजी विकणारी मावशी तिथं नसते. भोगलवाडी, आसरडोह, अंजनडोहाहून एसटीनं कॉलेजला येणारी पोरगी नसते. पट्टा पडल्यावर चार पैसे कनवटीला लावून परतलेलं ऊसतोड कुटुंब नसतं.

म्हणजे ज्यांना भीती वाटत नाही, ते ठरवतात की भीती कशाची आहे. धारूरचा चौक, स्टँड आणि बाजारपेठ सुरक्षित करायची असेल तर ही रीत मोडावी लागेल.

वेळही योग्य आहे. जवळपास चार वर्षं नगरपरिषदेवर प्रशासक होता. डिसेंबर 2025 मध्ये निवडणूक झाली, थेट लोकांतून नगराध्यक्ष निवडला गेला, प्रभागाप्रभागात नगरसेवक आले. आता ‘प्रशासकाला विचारा’ हे उत्तर चालणार नाही. निम्म्या जागा कायद्यानं बायकांच्या आहेत. तेव्हा पहिली मागणी त्यांच्याकडेच: सुरक्षेच्या बैठकीला नगरसेविकांनी स्वतः बसावं. त्यांच्या खुर्चीवर नवरा, दीर किंवा मुलगा दिसला तर ती बैठक तिथंच थांबवावी. मतं बाईच्या नावानं घेतली आहेत, बोलायचंही बाईनंच.

धारूरची पेठ आजकालची नाही. 1631 साली शाहजहानचा सरदार आझम खान धारूरवर चालून आला, तेव्हाच्या मोगल बखरकारांनी इथल्या पेठेची आणि आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजाराची नोंद केली आहे. सगळ्या परगण्यातली माणसं खरेदी-विक्रीला इथं यायची. फौजेचा पहिला डोळा होता तो याच पेठेवर. किल्ला पुढं पडला आणि त्याचं नाव फतेहाबाद झालं. किल्ल्याला दोन बाजूंनी खोल ओढे-दऱ्या होत्या, तट होता, बुरूज होते. पेठेला यातलं काहीच नव्हतं. तटाच्या आतल्यांची सुरक्षा आणि पेठेतल्यांची सुरक्षा या तेव्हाही वेगळ्या गोष्टी होत्या. आजही वेगळ्या आहेत.

आता बैठकांत काय मागितलं जातं ते एकेक घेऊ.

पहिली मागणी कॅमेऱ्यांची. प्रत्येक तालुक्याच्या गावी ती होते, जिल्हा नियोजनातून निधीही मिळतो, उद्घाटनही होतं. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. चोरी झाल्यावर चोर ओळखायला तो कामाचा आहे. पण गुन्हा घडूच नये यासाठी तो किती उपयोगी पडतो? वेल्श आणि फॅरिंग्टन या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह जगभरातल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा ताळा 2019 मध्ये मांडला. जिथं कॅमेरे होते तिथं गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी घटले होते, आणि त्यातला मोठा वाटा वाहनतळांवरचा होता. जिथं पडद्यासमोर माणूस बसून पाहत होता तिथं परिणाम जास्त दिसला. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली वेगळा प्रयोग झाला. सरकारी घरांच्या काही वसाहती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथं मोठे दिवे लावले. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी कमी झाले.

न्यूयॉर्क म्हणजे धारूर नव्हे, हे मान्य. पण अंधार दोन्हीकडे सारखाच असतो. आणि रस्त्यावर दिवाबत्ती ठेवणं हे नगरपरिषदेचं मेहेरबानीचं काम नाही. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 49 मध्ये जी बंधनकारक कर्तव्यं सांगितली आहेत, त्यांत सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती आहे. रस्त्यातले अडथळे दूर करणं आहे, धोकादायक इमारतींचा बंदोबस्तही आहे. म्हणून कॅमेऱ्याचा ठराव करायचा असेल तर जरूर करा, पण त्याच ठरावात तीन ओळी लिहा: पडदा कोण पाहणार, चित्रण किती दिवस जपणार, बंद पडला तर किती तासांत दुरुस्त होणार. आणि त्याच्या आधी दिव्यांचा ठराव करा. चौकातल्या हायमास्टचा नव्हे, चौकातून घरी जाणाऱ्या बोळातल्या दिव्यांचा. छेडछाड आणि हिसकाहिसकी हायमास्टखाली होत नाही, उजेड संपतो तिथं होते.

दुसरी मागणी अतिक्रमण हटवण्याची. ती ऐकायला बरोबर वाटते. चौकातून माणसाला चालता आलं पाहिजे, रुग्णवाहिका निघाली पाहिजे, यात वाद नाही. पण अतिक्रमण म्हटलं की हात आधी हातगाड्यांवरच पडतो. पक्क्या दुकानानं पुढं काढलेली शेड, पायऱ्या आणि फलक मागं राहतात. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग जागा, आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही असं तो स्पष्ट सांगतो. शहर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य स्वतः विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. या समितीची बैठक झाली का, हे विचारल्याशिवाय अतिक्रमणाचा विषय घेऊच नये.

यात सुरक्षेचा प्रश्न थेट आहे. दुकानांची शटर पडल्यावरही रस्त्यावर कोण असतं? भुर्जीचा गाडा, रसवंती, चहाची टपरी, शेंगदाणेवाला. त्यांचा दिवा जळत असतो, त्यांची नजर रस्त्यावर असते. अमेरिकेतल्या जेन जेकब्स या बाईंनी 1961 मध्ये पुस्तक लिहून हेच मांडलं, की वाहत्या रस्त्यावर माणसांचे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो. आपल्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. गाडेवाल्यांना ठरलेली जागा द्या, पांढरा पट्टा आखून द्या, वीज द्या. त्यांना हुसकावून मोकळा केलेला रस्ता दिवसा बरा दिसेल, रात्री तिथून एकटं जाववणार नाही.

बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बाईकडे जरा नीट पाहा. सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेली असते. पाल अंथरते, वांग्या-टोमॅटोचे वाटे लावते, गल्ला म्हणून कापडी पिशवी मांडीखाली ठेवते. गर्दी झाली की एक हात तागडीवर आणि एक त्या पिशवीवर. आणि दिवसभर पाणी पीत नाही. तहान नसते म्हणून नव्हे. पाणी प्यायलं तर जायचं कुठं, आणि गेलं तर पालाकडे आणि पिशवीकडे कोण बघणार, म्हणून. तिला विचारा सुरक्षेसाठी काय हवं. ती कॅमेरा म्हणणार नाही. पाणी असलेलं, आतून कडी लागणारं, दिवा असलेलं बायकांचं स्वच्छतागृह मागेल आणि जायची गाडी वेळेवर मागेल. या दोन गोष्टी सुरक्षेच्या बैठकीच्या इतिवृत्तात येत नाहीत, कारण त्या मागायला ती तिथं नसते.

तिसरी मागणी टवाळखोरांच्या बंदोबस्ताची. कॉलेज सुटायच्या वेळी गाडी फिरवा, दामिनी पथक ठेवा, चार पोरांना समज द्या. हे व्हायलाच हवं. पण मुलींच्या बाबतीत धारूरसारख्या ठिकाणी हा विषय छेडछाडीपुरता राहत नाही. तो पार लग्नापर्यंत जातो, आणि याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही.

बीड हा ऊसतोडीचा जिल्हा आणि धारूर त्यातला डोंगरपट्ट्याचा तालुका. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोचा कोयता कारखान्याला जातो. घरी म्हातारी माणसं आणि पोरं राहतात. वयात आलेली मुलगी पाच-सहा महिने आजीच्या भरवशावर कशी ठेवायची? शाळा गावापासून लांब, स्टँडवर दोन तास थांबायचं, कुणीतरी मागं लागलेलं. एकदा काही बोललं गेलं की घरात बातमी जाते. पोरीनं तक्रार केली तर ‘तूच नीट राहा’ म्हणतात. पुढं शाळा बंद होते, आणि हंगामाच्या आधी उरकून टाकलेलं बरं म्हणून तिचं लग्न लागतं. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळिसांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. याला गरिबी, हुंडा, कोयत्याची जोडी अशी अनेक कारणं आहेत. पण ऊसतोडीला जाणाऱ्या आयांना विचारा, त्या सगळ्यात आधी एकच सांगतात: जिवाला घोर लागतो.

हा घोर स्टँडवर, रस्त्यावर आणि शाळेच्या फाटकाबाहेर तयार होतो. म्हणजे स्टँडवरचा दिवा, वेळेवर सुटणारी एसटी आणि तक्रार ऐकणारी महिला पोलीस यांचा संबंध एका मुलीच्या बारावीशी आहे. एसटी चुकली की काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसायचं, हाही सुरक्षेचाच विषय आहे. तेव्हा आगारातला माणूस बैठकीला हवा. शाळा-कॉलेजच्या वेळेची फेरी रद्द झाली तर आदल्या दिवशी मुलींच्या शाळेत निरोप गेला पाहिजे. या कामाला निधी लागत नाही.

चौथा विषय वाहतुकीचा. खामगाव-पंढरपूर हा 548-सी राष्ट्रीय महामार्ग धारूरवरून जातो. तेलगावकडून घाट चढून आलेली जड वाहनं आणि गावातली पायी माणसं यांची गाठ पडते. तेलगावचा साखर कारखाना तालुक्यातलाच. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडून ट्रॅक्टर निघतात. मागं लाल दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही, आणि गाण्याचा आवाज असा की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. घाटाच्या रुंदीकरणाची मागणी जुनी आहे, ती लावून धरलीच पाहिजे. पण पट्टी चिकटवायला रुंदीकरणाची वाट कशाला पाहायची? कारखान्याच्या फाटकावर पट्टीशिवाय ट्रॉली आत घेणार नाही, एवढा नियम पाळला तरी जीव वाचतील. चाकूनं माणूस गेला तर गावबंद होतं. ट्रॉलीखाली गेला तर दोन दिवसांची हळहळ होते. गेलेल्याच्या घरच्यांना दोन्ही सारखंच.

आता सगळ्यात अवघड विषय: ठाणं.

साध्या माणसाला ठाण्याची पायरी जड वाटते. गेला तर ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’, ‘उद्या या’, ‘आपसात मिटवा’ ही वाक्यं त्याला पाठ झालेली असतात. फार झालं तर अदखलपात्र म्हणून एनसी करून देतात. कायदा मात्र साफ आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुणाचीही असो, खबर घ्यावी लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. मोबाईलवरून, ईमेलवरून खबर देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. हे चार नियम मोठ्या अक्षरात स्टँडवर लावावेत. चौकातल्या एका वाढदिवसाच्या फ्लेक्सएवढीच जागा लागेल.

नोंद वेळेवर न घेण्याची किंमत आपल्या जिल्ह्यानं मोजली आहे. शेजारच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं 9 डिसेंबर 2024 रोजी दिवसाढवळ्या टोलनाक्याजवळून अपहरण झालं आणि निर्घृण हत्या झाली. त्याच्या तीन दिवस आधी, 6 डिसेंबरला, पवनचक्कीच्या कंपनीच्या आवारात रखवालदाराला मारहाण झाली होती आणि सरपंच म्हणून देशमुख मध्ये पडले होते. त्या तीन दिवसांत यंत्रणेनं काय केलं आणि काय केलं नाही, यावर विधिमंडळापासून गल्लीपर्यंत चर्चा झाली. केज ठाण्यातला एक उपनिरीक्षक निलंबित झाला, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक बदलले गेले. नव्या अधीक्षकांनी 2025 च्या सुरुवातीला पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढली, म्हणजे दारात आलेल्या माणसाला समोरच्याची जात आधी वाचावी लागू नये. पाऊल चांगलं होतं. पण पट्टीवर नाव कोणतंही असो, फिर्याद लिहून घेतली तरच त्याला अर्थ.

सरपंच हा पुढच्या रांगेतला माणूस. त्याच्या वाट्याला हे आलं. त्याआधी 30 ऑक्टोबर 2023 ला आमच्याच मतदारसंघातल्या माजलगावात आमदारांच्या घराला आणि नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावली गेली. बीडमध्येही नेत्यांची घरं पेटली, संचारबंदी लागली. तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनाही कळलं असेल की मागच्या रांगेतली असुरक्षितता मागं थांबत नाही. ज्या गावात भाजीवालीची पिशवी सुरक्षित नाही, त्या गावात आमदाराचं घरही कायम सुरक्षित राहत नाही.

मग करायचं काय? उत्तर महाराष्ट्रातच आहे. भिवंडीत 1970 आणि 1984 साली मोठ्या दंगली झाल्या. त्यानंतर तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात पुढाऱ्यांना बसवलं नाही. यंत्रमागावरचे कामगार, टपरीवाले, बायका, दोन्ही समाजांची साधी माणसं घेतली आणि त्यांची गाठ त्या त्या भागातल्या पोलीस शिपायाशी घालून दिली. ते नियमित भेटायचे, नळाच्या भांडणापासून अफवेपर्यंत बोलायचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. शेजारची भिवंडी शांत राहिली. बाहेरून फौज आणून हे झालं नव्हतं. ज्या माणसांचं कुणी ऐकत नव्हतं, त्यांना आधीच समोर बसवलं होतं, म्हणून झालं.

धारूरमध्ये सण-उत्सवाच्या आधी शांतता समितीच्या बैठका होतात. त्या हव्यातच, त्यांनी गावाला अनेकदा सांभाळलं आहे. पण मिरवणूक वर्षातून चार वेळा निघते आणि पोरगी रोज कॉलेजला जाते. रोजच्या सुरक्षेची वेगळी बैठक हवी. ती नगरपरिषदेच्या सभागृहात नको. बाजाराच्या दिवशी, बाजारातच, दुपारच्या उतरत्या गर्दीत घ्या. भाजीवाल्या, कॉलेजच्या मुली, एसटीचा वाहक, काळी-पिवळीवाला, रात्रीचा रखवालदार, आशाताई, गाडेवाला आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली आजी यांना आधी बोलू द्या. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि पोलीस निरीक्षक यांनी तासभर फक्त लिहून घ्यावं. भाषण नको, सत्कार नको.

मग त्याच आठवड्यात शेवटची गाडी आल्यावर स्टँडपासून वेगवेगळ्या वस्त्यांपर्यंत चालत जा. नगरसेविका आणि महिला पोलीस सोबत हव्यात. बंद दिव्याच्या प्रत्येक खांबाचा क्रमांक लिहा. उघडी नाली, पडका वाडा, दारूचा अड्डा, सगळं लिहा. दुसऱ्या दिवशी स्टँडवर फळा लावा: काम काय, कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या महिन्यात त्याच जागी, त्याच लोकांसमोर तो फळा वाचा. ठाण्यात त्या महिन्यात किती तक्रारी आल्या आणि त्यातल्या किती नोंदल्या, हे दोन आकडेही त्यावर लिहा. तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. लोक ठाण्यात येऊ लागले, असा त्याचा अर्थ होतो.

वाचकांनाही एक सांगणं आहे. आपल्या प्रभागातल्या बंद दिव्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. रस्त्यात कुणा मुलीला अडवलेलं दिसलं तर मान खाली घालून पुढं जाऊ नका. थांबा, आवाज द्या आणि 112 लावा. आणि पुढची सुरक्षेची बैठक ठरेल तेव्हा नगराध्यक्षांना एवढंच विचारा: या यादीत भाजीवाली आणि कॉलेजची मुलगी आहे का? नसेल तर ती बैठक गावाच्या सुरक्षेची नाही.